हिमाच्या रजईखालचा दगड

तंबोऱ्यासाठी भोपळा घ्यायचा असला म्हणजे आमचे तीर्थरूप तो नुसता डोळ्यांनी पाहत नसत. बोटाच्या पेराने ठोकून पाहत. राजवाड्याच्या पदरी गाणाऱ्याला ही पारख हवीच. दगडही असाच ठोकून पारखतात, हे वाचनात आले तेव्हा मला मोठी गंमत वाटली.

अर्नस्ट श्मिट या स्विस इंजिनियराने काँक्रीट तपासण्यासाठी एक हातोडा काढला. त्यातला दांडा स्प्रिंगच्या जोराने आदळतो आणि किती उसळला त्याचा आकडा मिळतो. दगड घट्ट तर उसळी मोठी, पोखरलेला तर कमी. कॉलिन बॅलंटाइन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८९ साली दाखवले की, उन्हाळा सरत आला तरी हिम जिथे रेंगाळते तिथल्या धोंड्यांवर उसळी कमी भरते.

असे का व्हावे? शाळेत आपण शिकलो की भेगेतले पाणी गोठून सुमारे ९ टक्के फुगते आणि दगड फोडते. १९०० साली फ्रान्स्वा मॅथेस यांनी अमेरिकेतल्या बिगहॉर्न पर्वतात रेंगाळत्या हिमाच्या या कामाला ‘निव्हेशन’ असे नाव दिले, आणि त्याचे श्रेय पुढे बराच काळ गोठण्यालाच मिळत राहिले. पण जाड हिम ही तर रजई! बाहेरची कडक रात्र तिच्याखालच्या दगडापर्यंत पोचतच नाही. आमच्या बडोद्यात बर्फ भेटतो तो उसाच्या रसात, त्यामुळे ही गोष्ट मला उशिराच उमगली.

कोलोरॅडोच्या डोंगरांत कॉलिन थॉर्न यांनी मोजमाप केले. ते १९७६ साली प्रसिद्ध झाले. हिमाच्या जागी दगडाची रासायनिक झीज दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढलेली आढळली. करणारे असते ते पाणी. हिम थेंबाथेंबाने वितळते, आसपासचे खडक कोरडे पडले तरी इथला दगड ओलाच राहतो, त्यातली खनिजे विरघळत जातात, आणि सुटलेली माती तेच पाणी खाली वाहून नेते.

स्कॉटलंडच्या ब्रेरिआख डोंगराच्या कुशीतला हिमाचा एक तुकडा विसाव्या शतकात अवघा तीनदा पुरता वितळल्याची नोंद आहे: १९३३, १९५९ आणि १९९६. या शतकात तो २००३, २००६, २०१७, २०१८ आणि २०२१ सालीही गेला. रजई लवकर निघाली की ठिबकणे लवकर थांबते, आणि शरदातली पहिली थंडी उघड्या दगडाला गाठते.