पतंगाची खरी ओळख
२०१८ सालीं सोलापूर जिल्ह्यांत मक्यावर व उसावर अमेरिका खंडांतून आलेली लष्करी अळी आढळली. अळीच्या कपाळावर इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी उलटी खूण असते. परंतु तिच्यापासून होणारा पतंग आपल्या भाऊबंदांसारखाच करडा. शिवाय पंखांवरचे खवले झडतात. मग निर्णय कसा व्हावा?

नराच्या पोटाचें टोंक पोटॅशच्या दाहक द्रावणांत तापविलें म्हणजे मांस विरघळून जननेंद्रियांचे कठीण भाग उरतात. त्यांत मादीस धरून ठेवणाऱ्या दोन पाकळ्या असतात. त्यांची घडण बहुधा जातीगणिक निराळी असते. या जातींत त्या रुंद, चौकोनी दिसतात. जात नेमकी कळली तरच उपाय नेमका. नाहीं तर शेतकऱ्याचा पैसा आणि पीक दोन्ही वायां जातात.