हाडाचा स्क्रू आणि आपला लेथ

ठाणे-बेलापूर रस्त्यावर, ऐरोली-रबाळेच्या एमआयडीसी पट्ट्यात लेथवर हात बसलेल्या कारागिरांना हाडाचा स्क्रू काढणे अवघड नाही. खरी मेख पोलादात आहे. ३०४ आणि ३१६ एल पॉलिश केल्यावर सारखेच चमकतात. लोहचुंबकही फरक सांगत नाही. पण ३१६ एलमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. ते नसल्याने शरीरातील खारट द्रवात ३०४ ला बारीक खड्डे पडतात, आणि तो स्क्रू तर माणसाच्या हाडात असतो! बाजारातले साधे ३१६ एलही चालत नाही, आयएसओ ५८३२-१ चा रॉड लागतो. त्याचे प्रमाणपत्र घ्यावे, हीट नंबर प्रत्येक लॉटच्या कागदावर उतरवावा.

स्वतःच्या नावाने स्क्रू-प्लेट बनवून विकायचे तर केंद्राचा परवाना सक्तीचा आहे. सलाईन स्टँडसारख्या साध्या वस्तूंना परवाना नको, नोंदणी मात्र हवी. नव्या माणसाने तिथून शिरावे, आणि स्क्रूचे काम आधी परवानाधारक कारखान्याचे जॉबवर्क म्हणून घ्यावे, असे आम्हाला वाटते.