थायमसमधली परीक्षा

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस ही मऊ ग्रंथी असते. वयात आल्यावर ती आक्रसते, म्हणून तिला फारसे काम नसावे असा समज होता. १९६१ मध्ये लंडनला जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढली. ते उंदीर संसर्गांना बळी पडू लागले. परक्या उंदराची कातडीही त्यांच्या अंगावर टिकली!

रोगजंतूंशी लढणाऱ्या टी पेशी इथेच घडतात. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशींना थायमसच्या स्वतःच्या पेशी वाढीचे संकेत देतात. मग परीक्षा. शरीराच्या खुणा ओळखता न येणारी पेशी मरते. ग्रंथीच्या आतल्या भागात तर कमालच आहे. तिथल्या काही पेशी ‘एअर’ या जनुकाच्या मदतीने इन्सुलिनसारखी, एरवी स्वादुपिंडात बनणारी प्रथिने किंचित बनवून दाखवतात. त्यांवर तुटून पडणारी पेशी बहुधा तिथेच संपते. शंभरातल्या नव्वदांहून अधिक बाहेर पडतच नाहीत. एवढी नासाडी कशाला, असे वाटेल. पण हे जनुक बिघडलेल्या मुलांत टी पेशी स्वतःच्याच ग्रंथींवर उलटतात.

जन्मतः थायमस नसलेल्या बाळांसाठी अमेरिकेत २०२१ मध्ये थायमसच्या तुकड्यांच्या रोपणाला मान्यता मिळाली. ते मांडीच्या स्नायूत बसवतात. पुरेशा टी पेशी घडायला सहा महिने ते वर्षभर लागते. तोवर बाळाला संसर्गापासून जपावे लागते.