एक्सएमएलमध्ये पूर्वजांचा शोध

एक्सएमएल दस्तऐवजात सर्वांत बाहेरचा घटक सोडला, तर प्रत्येक घटक दुसऱ्या कुठल्यातरी घटकाच्या पोटात असतो. ग्रंथात प्रकरण, प्रकरणात विभाग, त्यात आणखी एक विभाग, त्यात परिच्छेद आणि परिच्छेदात टीप. (टॅगची अशी देवनागरी नावे १९९८ च्या पहिल्या प्रमाणापासूनच चालतात.) या रचनेतला हवा तो भाग नेमका गाठण्यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने नोव्हेंबर १९९९ मध्ये एक्सपाथ ही भाषा प्रमाणित केली. तिच्यात शोधाच्या तेरा दिशा, म्हणजे अक्ष आहेत.

एरवी शोध बाहेरून आत जातो. पण टीप हाती आहे आणि ती कोणत्या प्रकरणातली हे हवे आहे, अशा वेळी उलटे जावे लागते. त्यासाठी ‘अ‍ॅन्सेस्टर’ हा पूर्वजांचा अक्ष आहे. थेट पालकासाठी दोन टिंबे पुरतात. पूर्वजांसाठी मात्र असे लघुरूप नाही. ‘अ‍ॅन्सेस्टर::प्रकरण’ असे पूर्ण लिहावे लागते. प्रत्यक्षात अक्षाचे नाव रोमन अक्षरांत आणि अंक इंग्रजी पद्धतीचेच लागतात.

खरी अडचण क्रमांकाशी येते. ‘अ‍ॅन्सेस्टर::विभाग[१]’ म्हणजे टिपेला सर्वांत जवळचा विभाग, कारण या अक्षावर मोजणी टिपेपासून बाहेर होते. तीच पदावली कंसात घालून ‘(अ‍ॅन्सेस्टर::विभाग)[१]’ असे लिहिले, की सर्वांत बाहेरचा विभाग मिळतो. कंसामुळे आधी सगळे विभाग गोळा होतात आणि मग दस्तऐवजातल्या क्रमाने मोजले जातात. बाहेरचा विभाग आधी सुरू होत असल्याने पहिला ठरतो. ही चूक फार फसवी आहे. विभागात विभाग नसेल तोवर दोन्ही उत्तरे सारखीच येतात आणि पुढेही चुकीची कुठली सूचना मिळत नाही.

मजकुराची भाषा ठरवताना हा जवळचा पूर्वज फार उपयोगी पडतो. ग्रंथावर मराठीची आणि आतल्या एखाद्या उताऱ्यावर इंग्रजीची खूण असेल, तर परिच्छेदाला सर्वांत जवळची खूण लागू होते. ती खूण खुद्द परिच्छेदावरही असू शकते. म्हणून इथे ‘अ‍ॅन्सेस्टर-ऑर-सेल्फ’ हा स्वतःलाही धरणारा अक्ष घेतात. खुणेची अट आधी आणि [१] नंतर, हा क्रम इथे पाळावाच लागतो. तो उलटला, तर फक्त परिच्छेदच तपासला जातो आणि त्यावर खूण नसल्यास हाती काहीच येत नाही.