पॅडल मारा, जत्रा फिरेल

पॅरिसच्या बेर्सी भागातल्या जुन्या वाइनच्या वखारींत सायकलींचे एक मेरी-गो-राउंड आहे, १८९७ सालचे. सायकली एकमेकींना जोडून गोल रुळावर बसवलेल्या. बसणाऱ्यांनी पॅडल मारायचे, तेव्हा ते फिरते. सगळ्यांनी जोर लावला की वेग ताशी साठ किलोमीटरपर्यंत जातो. सायकल तेव्हा सर्वसामान्यांना परवडणारी नव्हती. ती चालवण्याची हौस जत्रेत चार पैशांत भागे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या जत्रेने कारखान्यातली यंत्रे आपल्याकडे ओढून घेतली. इंग्लंडमध्ये किंग्ज लिन गावी फ्रेडरिक सॅव्हेज शेतीची अवजारे बनवत असे. त्याने पाळण्यांना वाफेचे इंजिन जोडले. फ्रान्समध्ये आंजे शहरात गुस्ताव बायोल लाकडातून घोड्यांबरोबर गायी, डुकरे, ससेही कोरत होता. शेतावरचे ओळखीचे प्राणी रंगवून, सजवून मुलांना बसायला दिले, ही त्याची खरी कल्पकता. इंग्लंडमधले घोडे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, युरोप खंडातले उलटे. घोड्यावर डावीकडून चढायची इंग्रजी रीत त्यामागे असल्याचे सांगतात.

पुढे वीज आली, एकमेकांवर आदळणाऱ्या मोटारी आल्या, सिनेमा आला. लाकडी घोडे अडगळीत गेले, काही सुटे सुटे विकले गेले.

ते गोळा करणारा माणूस नट होता आणि जुन्या वस्तूंचा व्यापारीही. झाँ-पॉल फाव्हाँ याने साधारण १८५० ते १९५० या शंभर वर्षांतली जत्रा जमवली आणि १९९६ मध्ये बेर्सीत 'म्युझे दे आर्त फोरें' हे संग्रहालय उभे केले. सीनकाठचे बेर्सी १८६० पर्यंत पॅरिसच्या हद्दीबाहेर होते. शहराची जकात लागत नसल्याने वाइनचा व्यापार तिथे फोफावला होता. व्यापार उठला, वखारी उरल्या.

फाव्हाँचा मोठेपणा नुसत्या संग्रहात नाही. त्याने या वस्तू काचेआड ठेवल्या नाहीत. इथे पाहुणे मेरी-गो-राउंडवर बसतात, चेंडू टाकून कॅफेतल्या वेटरांच्या पुतळ्यांची शर्यत लावतात. वापराने लाकूड झिजते, रंग उडतो, डागडुजीचा खर्च येतो. तरीही हा निर्णय योग्यच होता. बंद पडलेला पाळणा पाहून जत्रा कळत नाही.

वुडी ॲलनच्या 'मिडनाइट इन पॅरिस' या २०११ च्या चित्रपटातली जुनी जत्रा इथेच चित्रित झाली. पॅरिसला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: हे संग्रहालय एरवी आधी वेळ ठरवून, मार्गदर्शकाबरोबरच पाहता येते. नाताळनंतरच्या उत्सवाच्या दिवसांत गेलात तर मोकळेपणी हिंडता येईल.