पिवळ्या मातीचा ताळेबंद

चराईबंदी म्हणजे काय, हे पारनेर तालुक्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. किसन बाबूराव हजारे 1975 मध्ये लष्करातून राळेगणसिद्धीला परतले, यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला आणि पुढच्या काही वर्षांत गावाने स्वतःला बंधने घालून घेतली: नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. जोडीला श्रमदान. शेळ्या-मेंढ्या डोंगरावर मोकळ्या सोडायच्या नाहीत, चारा कापून दावणीला आणायचा. गावाचे क्षेत्र हजार हेक्टरच्या आत, पाऊस वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर, तोही लहरी.

चीनमधल्या शेन्शी प्रांतात वूची नावाचा तालुक्याएवढा प्रदेश आहे. पाऊस साधारण पारनेरइतकाच, डोंगर तसेच उघडेबोडके. 1998 मध्ये तिथल्या प्रशासनाने सगळ्या मेंढ्या गोठ्यात बांधायला लावल्या आणि पुढच्याच वर्षी सरकारने तीव्र उतारावरची शेती सोडून देणाऱ्या शेतकऱ्यांना धान्य आणि रोख रक्कम द्यायची योजना सुरू केली. सोडलेल्या जमिनीत झाडे लावायची, गवत वाढू द्यायचे. राळेगणने ग्रामसभेत केले ते चीनने एका अवाढव्य पठारावर केले. पिवळ्या मातीचे ते पठार सुमारे 6 लाख 40 हजार चौरस किलोमीटरचे. आख्ख्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे.

या प्रयोगावर चिनी भाषेत जे संशोधन झाले आहे त्याचा मराठी गावांशी थेट संबंध आहे. आपल्याकडे येते ती त्याची गोड बाजू. जागतिक बँकेच्या मदतीने 1994 पासून तिथे झालेल्या पाणलोट प्रकल्पाची आधीची आणि नंतरची छायाचित्रे पाणलोटाच्या प्रशिक्षणात हमखास दाखवली जातात: आधी पिवळा वैराण डोंगर, नंतर हिरव्या पायऱ्या. पंचवीस लाख लोक गरिबीतून वर आले, असे बँक सांगते. ते खरेही असेल. पण चिनी शास्त्रज्ञ गेली चाळीस वर्षे जे खोदून पाहत आहेत ते त्या छायाचित्रात दिसत नाही, कारण ते जमिनीखाली आहे.

आधी दोन्हीकडचा फरक. राळेगणमध्ये पहिले मोठे काम झाले ते पाणी न धरणाऱ्या पाझर तलावाच्या दुरुस्तीचे. मग नालाबांध, समतल चर, बांधबंदिस्ती. नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून दाखवलेली वाट समोर होतीच. इथे वर मुरूम आणि खाली काळा कातळ. अडवलेले पाणी मुरमातून, कातळाच्या भेगांतून झिरपते आणि विहिरीला लागते. बांध घातला की एक-दोन पावसाळ्यांत विहीर उत्तर देते. म्हणून तर लोकांचा विश्वास बसला.

पिवळ्या पठारावर माती कित्येक ठिकाणी शंभर मीटरहून खोल. वाऱ्याने आणून टाकलेली, पिठासारखी. तिथल्या ओढ्यांवरचे मातीचे बांध पाण्यासाठी घातलेलेच नसतात. ते गाळासाठी असतात. पावसाळ्यात डोंगरावरून वाहून आलेली माती बांधामागे साचत जाते, ओढ्याचे पात्र भरून सपाट होते आणि त्यावर मक्याची शेती होते. आपल्याकडे तलावात गाळ साचला की तो काढायला सरकारी योजना आणावी लागते, तिथे गाळ साचणे हेच यश. या पठारावरून वाहणारी पीत नदी एके काळी दरवर्षी सुमारे 160 कोटी टन गाळ वाहून नेत असे. या शतकात तो आकडा तीसेक कोटी टनांच्याही खाली आला आहे.

यांगलिंग या शेन्शीतल्या गावात मृद आणि जलसंधारणाची मोठी संशोधन संस्था आहे. तिथले ली युशान यांनी 1983 मध्येच लिहून ठेवले होते की, झाडे लावलेल्या जमिनीत काही मीटर खाली मातीचा एक कोरडा थर तयार होतो. पावसाचे पाणी तिथवर पोचत नाही आणि मुळे असलेला ओलावा ओढून घेतात. एकदा वाळलेला हा थर पुन्हा ओला व्हायला वर्षानुवर्षे लागतात. रोपे पहिली काही वर्षे जोमाने वाढतात आणि मग खुरटतात. वीस-तीस वर्षांचे पॉपलर माणसाच्या दुप्पट उंचीवर थांबलेले, शेंडा वाळलेला. त्या भागात अशा झाडांना ‘बुटके म्हातारे’ म्हणतात.

इशारा चाळीस वर्षांपूर्वीचा होता, लागवड मात्र थांबली नाही. झाडांचे आकडे अहवालात शोभतात, ओलाव्याचे आकडे कोण विचारतो? हे वाचून महाराष्ट्रातल्या कोटी-कोटी वृक्षलागवडीच्या मोहिमा आठवल्या तर दोष वाचकाचा नाही. अखेर 2016 मध्ये फंग शियाओमिंग, फू बोचिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये हिशेबच मांडला: पठारावरची हिरवाई आता तिथल्या पाण्याच्या मर्यादेला टेकत आली आहे, याहून जास्त झाडे म्हणजे माणसांच्या वाट्याचे पाणी कमी. फू बोचिए हे कुणी चळवळे नव्हेत, चिनी विज्ञान अकादमीचे सदस्य आहेत. सरकारच्या लाडक्या योजनेचा ताळेबंद सरकारी शास्त्रज्ञांनी मांडावा, याला महत्त्व आहे.

राळेगणपासून जवळच हिवरे बाजार आहे. पोपटराव पवारांच्या या गावाने पाऊस संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत पाडली: किती पडले, किती मुरले, त्यावर कोणते पीक घ्यायचे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही. राळेगणनेही उसाला लांबच ठेवले. यांगलिंगचे संशोधक ज्याला जमिनीची वनस्पती पेलण्याची ताकद म्हणतात, तीच ही गोष्ट गावपातळीवर. फरक इतकाच की, ग्रामसभा विहिरीत डोकावून ठरवते आणि ते मातीत नळी घालून कित्येक मीटर खालचा ओलावा मोजतात. अहिल्यानगर जिल्ह्यात झाडाखालच्या मातीचे असे खोल मोजमाप नेमाने झाले, तर कडुनिंब कुठे लावायचा आणि कुठे नुसते गवत राखायचे, हे भाषणाऐवजी आकड्यांवर ठरेल.

चराईबंदीचेही तसेच. चिनी समाजशास्त्रज्ञांनी बंदीनंतरच्या गावांत जाऊन पाहिले, तर मेंढ्या गोठ्यात होत्या फक्त दिवसा. रात्री चोरून चराई चालायची, पकडले की दंड. गोठ्यात चारा घालणे गरीब मेंढपाळाला परवडत नव्हते. राळेगणमध्ये शिस्त लावायला दारुड्यांना खांबाला बांधले गेले, हे हजारे यांनीही लपवले नाही. मुकुल शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी या नैतिक धाकावर कडक टीका केली आहे आणि ती दुर्लक्षण्यासारखी नाही. बंदीची किंमत नेहमी ज्याच्याकडे जमीन कमी तोच आधी मोजतो.

नसबंदीकडे वळले की चिनी उदाहरण आणखी टोचते. एक मूल धोरणामागे सोंग च्येन या क्षेपणास्त्रांच्या शास्त्रज्ञाचे गणित होते. ल्यांग चोंगतांग या लोकसंख्येच्या अभ्यासकाला ते पटले नव्हते. त्यांच्या आग्रहावरून 1985 मध्ये शान्शी प्रांतातल्या यीचंगमध्ये वेगळा प्रयोग झाला: दोन मुले चालतील, पण लग्न उशिरा आणि दोन मुलांत पुरेसे अंतर. यीचंगची लोकसंख्या फुगली नाही. वाढ देशाच्या सरासरीपेक्षा कमीच राहिली आणि मुला-मुलींचे प्रमाणही देशाइतके बिघडले नाही. सक्ती नसती तरी चालले असते, याचा पुरावा पंचवीस वर्षे डोळ्यांसमोर होता. धोरण बदलायला 2015 उजाडले. तोवर उशीर झाला होता. 2022 पासून चीनची लोकसंख्या घटू लागली.

महाराष्ट्रात 2001 पासून दोनपेक्षा जास्त अपत्ये असणाऱ्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. त्याच दशकात, 2001 ते 2011 या काळात, राज्यात हजार मुलांमागे मुलींची संख्या 913 वरून 894 वर आली. एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडायची घाई करू नये, पण यीचंगचा अभ्यास आपल्या धोरणकर्त्यांच्या टेबलावर असायला हरकत नव्हती.

शाळेचा मुद्दा मात्र अगदी आजचा आहे. राळेगणमध्ये गावकऱ्यांनी श्रमदानाने शाळा उभारली. संत निळोबाराय विद्यालयाने बाहेरगावच्या नापास मुलांना घेऊन पुढे नेले. चीनने 2001 नंतर उलटी वाट धरली: पट कमी असलेल्या खेड्यातल्या शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळांत, वसतिगृहांत नेले. यांग तुंगफिंग यांच्या संस्थेने हिशेब लावला, तर 2000 ते 2010 या दशकात खेड्यांतल्या प्राथमिक शाळा दिवसाला साठहून अधिक या वेगाने नाहीशा होत होत्या. लांबचा प्रवास, गळती, आई-वडिलांपासून तुटलेली लहान मुले; संशोधकांनी एवढे लिहिले की 2012 मध्ये सरकारला ही मोहीम थांबवावी लागली. आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांची कल्पना काढली. चीनने सोडलेली वाट चाचपण्याआधी त्यांनी ती का सोडली, एवढे तरी कुणी वाचले होते का?

वाचणार कोण, हीच अडचण आहे. यातला थोडाच भाग इंग्रजीत येतो. बाकीचे चिनी नियतकालिकांत आणि प्रबंधांत. त्यांचे मोठे ऑनलाइन भांडार म्हणजे झीवांग. त्यातले प्रबंध आणि सांख्यिकी वार्षिके एप्रिल 2023 पासून परदेशी संस्थांना मिळणे अवघड झाले. तरीही खुले आहे ते पुष्कळ. पुण्यात चिनी शिकणारी मुले आहेत. राळेगणच्याच रस्त्यावर रांजणगावला हायर आणि पलीकडे चाकणला सॅनी या चिनी कंपन्यांचे कारखाने आहेत, तेव्हा चिनी भाषेला बाजारात भाव आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्यातल्या दोघा-तिघांना पगार देऊन यांगलिंगचे मातीवरचे निबंध मराठीत आणायला बसवावे. खर्च एखाद्या लहान सिमेंट बंधाऱ्याहून जास्त येणार नाही.