हंगामाआधी लायसनची तारीख पाहा

सभासद बंधूंनो, हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरचे टायर आपण पाहतो, लायसनची तारीख मात्र कुणी पाहत नाही. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस चालून जाई. २०१९ च्या कायदादुरुस्तीने ती सवलत गेली. त्या दुरुस्तीनंतर दुसऱ्याच दिवशी चालक विनापरवाना ठरू लागला. त्यात उसाच्या गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. मग उसाचे बिल त्यातच गेले म्हणा! नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून करता येतो. संपून वर्ष उलटले, तर परभणीला जाऊन पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागते. चाळिशी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांचा दाखला जोडावा. ट्रॅक्टर भाड्याने लावणाऱ्यांनी चालकाचेही लायसन उघडून पाहावे.